आधी जमिनीचा इतिहास, मग मातीची चाचणी: दूषित जागेच्या तपासणीची ओळख

मोकळी जागा पाहायला गेल्यावर आपण रस्ता बघतो, उतार बघतो, शेजार आणि पाण्याची सोय बघतो. जमिनीत काय मुरले आहे ते दिसत नाही. कधीकाळी तिथे कारखाना असेल, पेट्रोल पंप असेल, खड्डा करून कचरा पुरला असेल, आणि आज वर नुसते गवत असेल. अशी जागा घेणाऱ्याला, तिच्यावर बांधणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही तपासणीचा क्रम माहीत असायला हवा. कायदे देशागणिक बदलतात, पण तपासणीची रीत जवळपास सगळीकडे सारखीच आहे. आधी कागदपत्रे, मग जागेवरची पाहणी, मग खोदकाम आणि नमुने, मग धोक्याचे मोजमाप आणि गरज पडली तर सफाई.

नवखी माणसे हा क्रम हमखास उलटा करतात. चार कोपऱ्यांतली माती उचलून लॅबमध्ये देतात आणि रिपोर्टमध्ये काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होतात. लॅब विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. शिशाची चाचणी मागितली तर शिशाचा आकडा मिळेल, मग त्याच मातीत सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारी रसायने, कितीही असोत. कोणती चाचणी करायची, कुठे आणि किती खोलवर, हे ठरवायचे तर त्या जागेवर पूर्वी काय काय झाले ते आधी कळले पाहिजे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पायरी १: कागदपत्रे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारी पायरी हीच आहे, आणि घाई होते तीही इथेच.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातले लव्ह कॅनॉल प्रकरण यासाठी जरूर समजून घ्यावे. एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात हुकर केमिकल कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ साली ती जागा कंपनीने शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात इथे रासायनिक कचरा असल्याचा उल्लेख होता आणि पुढे इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असे कलमही होते. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली, १९७८ साली आणीबाणी जाहीर झाली आणि कुटुंबांना घरे सोडावी लागली. दूषित जागांच्या सफाईसाठी अमेरिकेने १९८० साली जो ‘सुपरफंड’ कायदा केला, त्यामागे हे प्रकरण होते. त्या जमिनीबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती मिळवायला मातीचा एकही नमुना लागणार नव्हता. ती खरेदीखतातच लिहिलेली होती.

म्हणून मालकीची साखळी शक्य तितकी मागे न्या. जमीन कोणाच्या नावावर होती एवढ्यावर थांबू नका. भाडेकरू कोण होते, कोणता धंदा चालत होता, परवाने कशाचे होते, हेही शोधा. जुने नकाशे आणि वेगवेगळ्या वर्षांची हवाई छायाचित्रे एकाखाली एक लावून पाहा. एका नकाशात तळे किंवा खाण दिसते आणि पुढच्या नकाशात ती जागा सपाट झालेली असते, तेव्हा पहिला प्रश्न हा की तो खड्डा कशाने भरला. अग्निशमन दलाच्या नोंदी, ज्वालाग्राही पदार्थ साठवण्याचे परवाने, प्रदूषण नियंत्रणाच्या नोटिसा, जुन्या इमारतींचे बांधकाम नकाशे, विम्याची कागदपत्रे यांतून जमिनीखालच्या टाक्यांचा पत्ता लागतो. शेजारच्या जागांचाही इतिहास काढा, विशेषतः चढाच्या बाजूच्या. प्रदूषण कुंपण पाहून थांबत नाही. भूजलाबरोबर ते दुसऱ्याच्या जमिनीतून तुमच्या जमिनीत येऊ शकते.

आणि माणसांशी बोला. तिथे काम केलेले जुने कामगार, राखणदार, शेजारी सांगतील की ड्रम कुठे धुवायचे, सांडलेले तेल कुठे जायचे, आग केव्हा लागली होती. असल्या गोष्टी कागदावर क्वचितच उतरतात.

धंदा कळला की काय शोधायचे हे बरेचसे ठरते. पेट्रोल पंपाच्या जागी बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रव्ये आणि जुना पंप असेल तर शिसे. ड्राय-क्लीनिंगच्या किंवा धातूच्या भागांवरचे तेल काढण्याच्या जागी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागी डांबर, फिनॉल आणि सायनाइड. तिथली माती कधी कधी निळी दिसते, तो रंग सायनाइडच्या संयुगांचा असतो. चामडे कमावण्याच्या जागी क्रोमियम. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या जागी क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि सायनाइड. लाकडाला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करणाऱ्या जागी आर्सेनिक, तांबे, क्रोमियम आणि क्रिओसोट हे डांबरी तेल. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या यार्डात पीसीबी, म्हणजे त्यांच्या तेलातली क्लोरीनयुक्त रसायने. आग विझवण्याचा सराव जिथे फेस वापरून चालायचा तिथे पीएफएएस, म्हणजे सहजी न तुटणारी फ्लोरीनयुक्त रसायने. जुनी फळबाग निरुपद्रवी वाटते, पण डीडीटी येण्यापूर्वी फळझाडांवर शिसे-आर्सेनिकयुक्त कीटकनाशक सर्रास फवारले जाई आणि ही दोन्ही मूलद्रव्ये मातीत कायम राहतात. शेतजमीन आहे म्हणजे ती शुद्धच, असे गृहीत धरू नका.

पायरी २: जागेवरची फेरी

जागेवर जाताना नकाशा हातात ठेवा. जमिनीतून वर आलेले पाइप, टाकी भरण्याची तोंडे, हवा जाण्याच्या नळ्या, काँक्रीटमधले बुजवलेले चौकोन, तेलाचे डाग, कारण नसताना उंच किंवा खोल असलेला भाग, नाल्याच्या पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग, हे सगळे टिपा आणि त्यांचे फोटो काढा. भोवतालचे गवत चांगले असताना एखाद्या पट्ट्यातच झाडे मरत असतील तर खाली गॅस असू शकतो. मिथेन मुळांजवळचा ऑक्सिजन हटवतो. पडक्या इमारती असतील तर पत्रे, पाइपांवरची वेष्टणे आणि मोडतोडीचे ढीग यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता लक्षात ठेवा. ते फोडू नका, हलवू नका.

वास आला तर नोंदवा, पण मुद्दाम जवळ जाऊन हुंगू नका. बंद खड्ड्यात किंवा टाकीत डोकावण्यासाठी उतरणे तर पूर्ण वर्ज्य समजा. तिथे ऑक्सिजन कमी असू शकतो आणि अशा ठिकाणी उतरलेली माणसे मदत पोचण्याआधीच दगावतात.

पायरी ३: जागेचे चित्र

आता हाती आलेली माहिती एका आराखड्यात मांडायची. धोका ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: घातक द्रव्याचा स्रोत, ते पोहोचण्याचा मार्ग आणि ज्याला झळ पोहोचेल तो. जुन्या टाकीतून गळलेले बेंझीन हा स्रोत. वाळूच्या थरातून सरकणारे भूजल हा मार्ग. खालच्या बाजूची विहीर वापरणारे कुटुंब म्हणजे झळ बसणारे. तिघांतला एक नसेल तर धोका जोडला जात नाही. शिसे जाड काँक्रीटखाली असेल आणि तिथे गोदामच राहणार असेल तर मातीतून तोंडात जाण्याचा मार्ग बंद आहे; त्याच जागी उद्या मुलांचे खेळाचे मैदान करायचे ठरले तर तो उघडतो.

म्हणूनच ‘ही जमीन सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी सुरक्षित, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

एका कागदावर जमिनीचा उभा छेद काढा. भराव, मातीचे थर, पाण्याची पातळी, जुन्या टाक्या, होऊ घातलेली इमारत, तिचा पाया, नळ, बाग, सगळे त्यात दाखवा. स्रोतापासून माणसापर्यंत जाणारा प्रत्येक संभाव्य मार्ग बाणाने दाखवा. ज्या बाणाबद्दल खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. पुढचे खोदकाम या प्रश्नचिन्हांसाठी करायचे असते. सल्लागाराने दिलेल्या रिपोर्टमध्ये असे चित्र नसेल तर ते मागा.

कधी कधी तपासणी इथेच संपते. इतिहास नीट कळला, धोकादायक वापर कुठेच सापडला नाही, तर खोदण्याचे कारण उरत नाही. मात्र तसा निष्कर्ष कारणांसह लेखी असला पाहिजे.

पायरी ४: खोदकाम आणि नमुने

हे काम पात्र आणि अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. तरीही काय चालले आहे ते तुम्हाला समजले पाहिजे, कारण कमी पैशांत उरकलेली तपासणी नेमकी इथे उघडी पडते.

खोदण्याआधी जमिनीखालच्या वीजवाहिन्या, गॅस आणि पाण्याचे नळ शोधून जागेवर खुणा करायच्या. मग उथळ भागासाठी चाचणी खड्डे घेतात. त्यात भराव डोळ्यांनी दिसतो: विटांचे तुकडे, राख, काळे पट्टे. खोल जायचे असेल किंवा भूजल पाहायचे असेल तर बोअर घेतात आणि त्यातल्या काहींत निरीक्षण विहिरी बसवतात. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे कळायला किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. दोन विहिरींवरून दिशा सांगणारा रिपोर्ट मान्य करू नका.

नमुने घेण्याच्या जागा दोन प्रकारांनी ठरतात. टाकीपाशी, डागापाशी, जुन्या गटाराच्या तोंडाशी ठरवून घेतलेले नमुने आणि बाकीच्या जमिनीवर जाळीसारख्या अंतराने घेतलेले नमुने. दोन्ही हवेत. खोलीही विचाराने ठरवा. मुलांच्या हाताला लागते ती वरची माती. टाकी गळते ती तळाशी. प्रक्रियेचा शेड जिथे होता तिथे फक्त वरच्या वीतभर मातीचा नमुना घेऊन काहीच सिद्ध होत नाही.

सॉल्व्हंटबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त फसगत त्यांच्याच बाबतीत होते. पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलाच्या वरच्या थरावर तरंगतात. ड्राय-क्लीनिंगमधले टेट्राक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा दीडपटीहून जड असते. ते पाण्याच्या पातळीखाली उतरत जाते, चिकण मातीच्या थरावर साचते आणि त्या थराचा उतार असेल त्या बाजूला सरकते, प्रसंगी भूजलाच्या प्रवाहाच्या उलटही. म्हणून पाण्याच्या वरच्या थरातला नमुना चांगला आला तरी खाली काय आहे ते सांगता येत नाही. शिवाय जमिनीत ते हळूहळू तुटत जाते आणि वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होऊ शकते, जे माणसात कर्करोग निर्माण करणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. मूळ द्रव्य कमी झाले म्हणून धोका कमी झाला असे होत नाही. लॅबला यादी देताना तुटून तयार होणारी द्रव्येही त्यात घाला. आणि अशा जागी बोअर घेताना चिकण मातीचा थर बेफिकिरीने भेदला तर वरचे प्रदूषण खालच्या पाण्यात नेण्याची वाट आपणच करून देतो. केसिंग (बोअरच्या भिंती सांभाळणारी नळी) घालून, बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या चिकण मातीने नीट बुजवूनच पुढे जायचे असते.

उडून जाणाऱ्या द्रव्यांचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत भरला, ढवळला किंवा उन्हात ठेवला तर लॅबला पोहोचेपर्यंत त्यातले बरेचसे निघून जाते. तो लॅबने दिलेल्या योग्य भांड्यात, लगेच बंद करून, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून पाठवतात. अनेक ठिकाणची माती एकत्र कालवून केलेला नमुना या द्रव्यांसाठी निरुपयोगी आहे. पाण्यातले विरघळलेले धातू मोजायचे असतील तर पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग आम्ल घालतात. गढूळ पाण्यात आम्ल घातले तर मातीच्या कणांतला धातूही आकड्यात मिसळतो.

जागेवर वापरायची यंत्रे उपयोगी आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. वाफा मोजणारे पीआयडी यंत्र धातू ओळखत नाही, आणि त्यातल्या नेहमीच्या अतिनील दिव्याने मिथेनही टिपता येत नाही. हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र धातू पटकन दाखवते, पण तेल किंवा सॉल्व्हंटबद्दल काही सांगत नाही.

काही नमुने जोडीने घ्यावे लागतात, म्हणजे लॅबच्या आकड्यांत सातत्य आहे का ते कळते. स्वच्छ पाण्याची एक बाटलीही सगळ्या प्रवासात बरोबर फिरवतात. तिच्यात सॉल्व्हंट सापडले तर ते वाटेत मिसळले हे उघड होते. नमुना कोणी घेतला, केव्हा, कोणाच्या हाती दिला याची सलग नोंद हवी. पुढे वाद उभा राहिला तर या नोंदीशिवाय आकड्यांना किंमत राहत नाही. परिसरातल्या अस्पर्शित जमिनीचेही काही नमुने घ्या, कारण आर्सेनिकसारखी मूलद्रव्ये काही खडकांत नैसर्गिकरीत्याच जास्त असतात.

पायरी ५: गॅस

जुना कचरा डेपो, सेंद्रिय भराव किंवा दलदल जवळ असेल तर ही तपासणी टाळू नका. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला आणि आतली तिघे जण जखमी झाली. गॅस जवळच्या कचरा डेपोतून जमिनीखालून आला होता. त्या रात्री हवेचा दाब वेगाने घसरला होता. दाब पडला की जमिनीतला गॅस बाहेर खेचला जातो.

यातून तपासणीचा नियम निघतो: एका दुपारी यंत्र लावून शून्य वाचले म्हणून काम झाले नाही. मोजणी अनेक वेळा करायची, त्यांतल्या काही वेळा दाब घसरत असताना, आणि प्रत्येक वाचनासोबत दाबाची नोंद करायची. मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही मोजतात. जमिनीतून सॉल्व्हंटच्या वाफा घरात येण्याची शक्यता असेल तर भावी पायाच्या पातळीवरच्या मातीतील हवेचे नमुने वेगळे घ्यावे लागतात.

पायरी ६: आकड्यांचा अर्थ

लॅबचा रिपोर्ट आला की प्रत्येक आकडा त्या देशाने, त्या वापरासाठी ठरवलेल्या मर्यादेशी ताडतात. निवासी मर्यादा कडक असते, औद्योगिक त्या मानाने सैल. मर्यादा ओलांडली म्हणजे जमीन बाद झाली असे नाही. पुढचे सखोल मूल्यमापन करायला हवे, एवढाच त्याचा अर्थ. या मर्यादा बदलतातही. निवासी मातीतल्या शिशासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा छाननीचा आकडा अनेक वर्षे ४०० पीपीएम (दशलक्ष भागांत ४०० भाग) होता, तो २०२४ साली २०० वर आला. जुन्या रिपोर्टमधला ‘मर्यादेच्या आत’ हा शेरा आजच्या मर्यादेशी पुन्हा पडताळून घ्या.

सरासरीपासून सावध राहा. वीस नमुन्यांपैकी एकोणीस चांगले आणि एक भयंकर असेल तर तो एक जिथला आहे तिथेच बहुधा जुनी टाकी किंवा ड्रम आहे. सरासरी काढून तो बुडवू नका. त्याच्या भोवती आणखी नमुने घ्या.

पायरी ७: सफाई

उपाय स्रोत काढतात, मार्ग तोडतात किंवा वापर बदलतात. दूषित माती उचलून नेणे, वर स्वच्छ मातीचा किंवा काँक्रीटचा थर देणे, जमिनीतल्या वाफा पंपाने ओढणे, जिवाणूंकडून तेल पचवून घेणे, घराखाली गॅस अडवणारा पडदा बसवणे, असे अनेक मार्ग आहेत. प्लास्टिकच्या नळांतून पेट्रोलजन्य द्रव्ये आरपार पाण्यात शिरू शकतात, म्हणून अशा जमिनीत पिण्याच्या पाण्याचा नळ कोणता घालायचा हेही ठरवावे लागते. सल्फेट जास्त असेल तर पायाचे काँक्रीट त्या हिशेबाने निवडतात. उचललेली माती कुठे टाकायची याची चाचणी वेगळी असते आणि तो खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो. बाहेरून आणलेली ‘स्वच्छ’ मातीही तपासूनच पसरा. काम झाल्यावर पुन्हा नमुने घेऊन ते खरोखर झाल्याचा लेखी पुरावा घ्या.

व्यवहारात काय पाहायचे

विकणाऱ्याने दिलेला रिपोर्ट कोणाच्या नावे आहे ते पहिल्यांदा बघा. त्यावर विसंबण्याचा हक्क तुम्हाला लेखी दिलेला नसेल तर चूक निघाल्यावर सल्लागार तुमच्याकडे जबाबदार राहीलच असे नाही. मग तारीख बघा. अमेरिकेत प्राथमिक तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एएसटीएम ई१५२७ या मानकानुसार तपासणीचे मुख्य भाग १८० दिवसांनंतर ताजे करावे लागतात. ‘मर्यादा’ या मथळ्याखालचा मजकूर शब्दन् शब्द वाचा. कोणत्या भागात जाता आले नाही, काय तपासले नाही, ते तिथे लिहिलेले असते. करारापूर्वी वकिलाकडून सफाईचा खर्च कोणाचा, किंमतीतला काही भाग काम होईपर्यंत राखून ठेवायचा का, आणि नंतर काही निघाले तर काय, हे ठरवून घ्या. तुम्ही विकणारे असाल तर माहिती दडवू नका. तपासणी स्वतः आधी करून घेतलीत तर वाटाघाटीत अंदाजांऐवजी आकडे टेबलावर येतात, आणि त्या जमिनीवर उद्या राहायला येणाऱ्या माणसांशी तेच प्रामाणिकपणाचे आहे.

काम सुरू झाल्यावर अचानक काही निघाले तर

कितीही नीट तपासणी केली तरी दोन बोअरच्या मधली जमीन कोणी पाहिलेली नसते. नेदरलँड्समधल्या लेकेरकेर्क गावात १९८० साली वसलेल्या घरांखाली रासायनिक कचऱ्याचे ड्रम असल्याचे उघड झाले आणि वसाहत रिकामी करावी लागली. म्हणून खोदकाम करणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: वेगळा रंग, तेलकट चकाकी, उग्र वास, ड्रम, टाकी किंवा तंतुमय पत्र्याचे तुकडे दिसले की काम थांबवायचे, वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकायचे, त्या भागाला दोरी लावायची आणि सल्लागाराला फोन करायचा. बाहेर निघालेली माती जाड प्लास्टिकच्या कागदावर वेगळी ठेवून झाकायची, बाकीच्या ढिगात मिसळू द्यायची नाही. फोटो, जागा, खोली आणि वेळ त्याच दिवशी वहीत उतरवायची. सल्लागार नमुने घेईपर्यंत तो खड्डा बुजवायचा नाही.